बिअरची पत्रिका

जगात दोन प्रकारची माणसं असतात. एक, जी शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर बिअर पितात. आणि दुसरी, जी बिअरचा पहिला घोट घेऊन ‘हिची एफजी किती असेल रे?’ असं विचारतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना पार्टीला कमी बोलावतात. माझा मावसभाऊ या दुसऱ्या प्रकारातला आहे.

दादा अमेरिकेत पोर्टलंडला असतो. दिवसा कोड लिहितो आणि महिन्यातल्या एका रविवारी गॅरेजमध्ये एकोणीस लिटर बिअर बनवतो. तिकडे ते कायदेशीर आहे. १९७८ साली जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि घरच्या बिअरला केंद्र सरकारची परवानगी मिळाली. घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास. गंमत म्हणजे अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांना ‘हो’ म्हणायला २०१३ उजाडलं. पोर्टलंडमध्ये मात्र गॅरेजमध्ये बिअर बनवणारा माणूस म्हणजे आपल्याकडे गच्चीत कुंड्या लावणारा माणूस. कोणी वळूनही बघत नाही.

तर या दादाच्या आयुष्यात सध्या एकच प्रश्न आहे. बिअर संपणार कुठे? म्हणजे ग्लासात नाही. डब्यात.

फंडा काय आहे?

दूध डेअरीवर लॅक्टोमीटर बघितलाय? दुधात सोडायची काचेची नळी. दूध दाट असेल तर नळी वर तरंगते, पाणी घातलेलं असेल तर खाली जाते आणि दूधवाल्याचा चेहरा पडतो. बिअरवाल्यांचा हायड्रोमीटर म्हणजे त्याचाच चुलतभाऊ. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो. बार्लीला, म्हणजे आपल्या जवाला, मटकीसारखे मोड आणून, वाळवून, भरडून गरम पाण्यात ठेवलं की जो गोड रस निघतो, त्यात तो समजा १.०५२ दाखवतो. ही झाली ओरिजिनल ग्रॅव्हिटी, ओजी. बोलताना सगळे नुसतं ‘५२ पॉइंट’ म्हणतात.

मग त्यात यीस्ट पडतं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं आणि रस पातळ होत जातो. दोनेक आठवड्यांनी सगळं शांत झालं की नळी जिथे थांबते ती फायनल ग्रॅव्हिटी. एफजी.

दोन आकड्यांमधल्या फरकाला १३१.२५ ने गुणलं की साधारण अल्कोहोलचे टक्के मिळतात. १.०५२ वरून १.०१० वर आली तर साडेपाच टक्के. १.०१५ वर थांबली तर ४.९. शिवाय चव बदलते. एफजी खाली गेली की बिअर कोरडी, कडक लागते. वर राहिली की अंगाने भरलेली, जराशी गोडसर.

एवढंच असतं तर मी हा कॉलम लिहिला नसता. पण यात काचेच्या बाटल्या आहेत आणि तिथे हा आकडा सीरियस होतो.

सॉफ्टवेअर बाबा की जय

आता कोणी हे वहीवर करत नाही. बिअरस्मिथ आहे, ब्रूफादर आहे, ब्रूअर्स फ्रेंड आहे. माल्ट किती किलो, पाणी किती, यीस्ट कुठलं हे भरलं की स्क्रीनवर पत्रिकाच येते. रंग अमुक, कडवटपणा तमुक, ओजी इतकी, एफजी इतकी. अगदी दशांशानंतर तीन घरं. तीन घरं दिसली की आपण इंजिनीअर लोक लगेच विश्वास ठेवतो.

पण एफजीचं ते घर भरतं कसं? सगळ्यात साधा हिशोब असा आहे. प्रत्येक यीस्टच्या पाकिटावर एक टक्केवारी असते, अटेन्युएशन. म्हणजे ओजीतले किती टक्के पॉइंट हे यीस्ट खाली आणेल. फर्मेंटिसचं यूएस-०५ नावाचं लोकप्रिय यीस्ट आहे, त्याची कंपनी ७८ ते ८२ टक्के सांगते. मधले ८० धरा. ५२ पॉइंटांतले ८० टक्के गेले, उरले दहा. एफजी १.०१०. झालं भविष्य!

आता नीट बघा. या हिशोबात तुम्ही कुठे आहात? तुमचं पातेलं, तुमचं तापमान, तुमचा माल्ट? कुठेच नाही. कंपनीने त्यांच्या लॅबमध्ये, त्यांच्या ठरलेल्या रसात, त्यांच्या ठरलेल्या तापमानाला काढलेला आकडा तुमच्या गॅरेजला चिकटवलाय. एकाच राशीच्या सगळ्यांना पेपरात एकच भविष्य असतं ना, तसं.

बाराव्या दिवशीचा काटा

२०२४ च्या जुलैमध्ये दादाने मराठी मंडळाच्या पिकनिकसाठी पेल एल लावली. ओजी बरोब्बर १.०५२ आली, सॉफ्टवेअर म्हणालं एफजी १.०१०. दादा खूश. बाराव्या दिवशी त्याने नळी सोडली तर १.०१६. तेराव्या दिवशी १.०१६. चौदाव्या दिवशीही तेच.

बहुतेक पुस्तकांत लिहिलेलं असतं की लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तर काम संपलं, भरा बाटल्या. पण इथे एक मेख आहे. आकडा हलत नाही याचा अर्थ यीस्ट थांबलंय. ते पोट भरून थांबलंय की थंडी वाजून झोपलंय, हे नळी सांगत नाही. इडलीचं पीठ डिसेंबरात रात्रभर ढिम्म असतं, म्हणून ते आंबून झालं असं आपण म्हणतो का?

आणि बाटलीचं गणित मोठं विचित्र आहे. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना मुद्दाम थोडी साखर घालतात. लिटरमागे चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक ‘व्हॉल्यूम’ गॅस, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये विरघळलेला एक लिटर गॅस. नेहमीच्या एलला अडीच व्हॉल्यूमच्या आसपास पुरतात. साधी काचेची बाटली तीनेकपर्यंत बिनधास्त सांभाळते. आता बिअरमध्येच खाण्याजोगी साखर उरली असेल, तर तिचा प्रत्येक पॉइंट आणखी अर्धा व्हॉल्यूम देतो. १.०१६ वर झोपलेलं यीस्ट बाटलीत जागं झालं आणि सॉफ्टवेअरने म्हटल्याप्रमाणे १.०१० वर गेलं, तर सहा पॉइंट, म्हणजे तीन व्हॉल्यूम जास्त. अडीच अधिक तीन, साडेपाच. होमब्रूवाले अशा बाटलीला सरळ ‘बॉम्ब’ म्हणतात आणि ते गमतीने म्हणत नाहीत. काच फुटते तेव्हा ती चहूकडे उडते.

दादाच्या घरी बाटल्या मुरायला ठेवायची जागा कोणती? हॉलमधलं कपाट. त्याच्या खालच्या कप्प्यात चार वर्षांच्या पुतणीची खेळणी. दादा म्हणाला, ‘‘सॉफ्टवेअर चुकलं असेल गं, भरून टाकतो. वीस दिवसांवर पिकनिक आलीय, मुरायला दोन आठवडे लागतात.’’ वहिनी व्हिडिओ कॉलवर मागून शांतपणे म्हणाली, ‘‘चुकलं असेल म्हणजे? तुला माहितीय की तुला वाटतंय? वाटत असेल तर बाटल्या तुझ्या उशाशी ठेव.’’

मला वाटतं, सगळ्या इस्टिमेशनच्या मीटिंगला एक वहिनी असायला हवी.

काटा चुकतो कुठे?

दोन शक्यता होत्या. एक, बिअर अडकलीय. दोन, बिअर ठीक आहे, पत्रिकाच चुकीची मांडलीय. दादाने रेसिपी पुन्हा उघडली आणि पहिल्या पाचच मिनिटांत गुन्हेगार सापडला. तापमान.

माल्टमधला स्टार्च साखरेत बदलणारे दोन मुख्य एन्झाइम असतात. स्टार्चची साखळी म्हणजे उसाची कांडी समजा. बीटा अमायलेज नावाचा कामगार शिस्तीचा. टोकापासून मोजून दोन-दोन पेरांचे तुकडे पाडतो. हे तुकडे म्हणजे माल्टोज, यीस्टचं आवडतं खाणं. अल्फा अमायलेज कोयता घेऊन मध्येच कुठेही घाव घालतो, त्यामुळे लहानमोठे सगळे तुकडे पडतात. मोठे तुकडे यीस्टच्या तोंडात मावत नाहीत. ते डेक्स्ट्रिन म्हणून बिअरमध्ये तसेच राहतात आणि नळीला वर धरून ठेवतात.

बीटाला साठ ते पासष्ट अंश मानवतात, त्याच्या वर तो झपाट्याने गारद होतो. अल्फा सत्तरच्या आसपास रंगात येतो. म्हणजे माल्ट ६४ अंशांना भिजवला तर कोरडी बिअर, ६९ ला भिजवला तर भरलेली. दादाने ‘जरा बॉडी हवी’ म्हणून मुद्दाम ६९ ठेवलं होतं. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचा कॉलम होता, पण तो नुसता नोंदीसाठी. एफजीच्या हिशोबात त्याला मत नव्हतं. काही प्रोग्रॅम तापमान धरून एफजी बदलतात, काही धरत नाहीत. तुमचा कुठल्या जातीचा हे तपासणं सोपं आहे. तापमान ६४ चं ६९ करा आणि एफजीकडे बघा. आकडा हलला नाही तर समजून जा.

दुसरा घोळ डब्यात काय पडलंय याचा. साधी साखर यीस्ट शंभर टक्के फस्त करतं. स्टाउटमध्ये घालतात त्या लॅक्टोजला साधं बिअरचं यीस्ट हातही लावत नाही. क्रिस्टल माल्टमधला बराच भाग उरतो. सगळ्यांना एकच ८० टक्के लावणं म्हणजे ऑफिसच्या डब्यात प्रत्येकाने चार पोळ्या खाल्ल्या असं धरण्यासारखं.

तिसरा यीस्टच्या स्वभावाचा. रसात माल्टोट्रायोज नावाची एक तीन मण्यांची साखर असते. लॅलमंडचं विंडसर यीस्ट ती खातच नाही, म्हणून त्याची बिअर वरच थांबते. ते अडकलेलं नसतं, त्याचं जेवण झालेलं असतं. याउलट बेल सेझॉनसारखी यीस्ट स्वतःच एन्झाइम सोडून डेक्स्ट्रिनचेही तुकडे करतात आणि खातच राहतात. अशी बिअर १.००० च्याही खाली जाऊ शकते. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते शक्य होतं.

आणि चौथा, सगळ्यात साधा. वाचनातला. हायड्रोमीटर ठरावीक तापमानाला जुळवलेला असतो, काही साडेपंधरा अंशांना, काही वीसला. साडेपंधराचा हायड्रोमीटर तीस अंशांच्या बिअरमध्ये सोडला तर तो तीनेक पॉइंट कमी दाखवतो. नळीला फेसाचे बुडबुडे चिकटले तर जास्त दाखवतो. आणि रिफ्रॅक्टोमीटर नावाचं ते थेंबभर रसावर चालणारं स्टायलिश यंत्र अल्कोहोल आलं की गोंधळतं. त्याचा आकडा दुरुस्तीच्या सूत्रातून काढल्याशिवाय एफजी म्हणून लिहायचाच नाही.

दादाने नमुना वीस अंशांवर आणून, हलवून गॅस काढून, पुन्हा मोजला. १.०१६. वाचन बरोबर होतं.

अडीचशे मिलीलिटरचा निकाल

आता उरली एकच गोष्ट. तापमानाची थिअरी पटली तरी ती थिअरीच. वहिनीला ‘माहितीय’ हवं होतं, ‘वाटतंय’ नाही.

यावर एक जुना, साधा आणि सॉलिड उपाय आहे. फोर्स्ड फर्मेंटेशन टेस्ट. खरं तर ती पहिल्याच दिवशी करायची असते. मुख्य डब्यात यीस्ट घालताना पाव लिटर रस वेगळ्या स्वच्छ बाटलीत काढायचा, त्यात तेच यीस्ट गरजेपेक्षा कितीतरी जास्त घालायचं, वर सैल झाकण लावायचं, २५ अंशांच्या आसपास उबेला ठेवायचं आणि येताजाता हलवायचं. दोन-तीन दिवसांत तो नमुना जिथवर जाऊ शकतो तिथवर जाऊन थांबतो. चव भयानक असते, ती पिण्यासाठी नसतेच. पण तो आकडा म्हणजे या रसाची तळरेषा. मुख्य डबा त्याच्या आसपास यायलाच हवा. आला नाही तर अडकलाय.

दादाने तीच टेस्ट चौदाव्या दिवशी तयार बिअरवर केली. पाव लिटर बिअर, ताज्या यीस्टची भरपूर चिमूट, वॉटर हीटरशेजारची ऊब. दुसरीकडे मुख्य डबा १८ वरून २१ अंशांवर आणला आणि खाली बसलेलं यीस्ट उठावं म्हणून हळूच गोल फिरवला. तीन दिवस वाट. या तीन दिवसांत मला त्याचे अकरा मेसेज आले आणि त्यातला एकही पिकनिकबद्दल नव्हता.

सतराव्या दिवशी नमुना १.०१५. अठराव्या दिवशीही १.०१५. म्हणजे खाण्याजोगं उरलं होतं ते फक्त एका पॉइंटाचं. अठराव्या दिवशी मुख्य डबाही १.०१५ वर आलेला होता. बिअर अडकलेली नव्हती. तिने तिचं काम चोख केलं होतं, पत्रिकाच दुसऱ्या कोणाची तरी होती.

मग बाटल्या भरल्या, पन्नासेक. वीस अंशांच्या बिअरमध्ये आधीच पाऊण व्हॉल्यूमपेक्षा थोडा जास्त गॅस असतो, तो वजा करून लिटरमागे सहा ग्रॅमच्या आसपास साखर. वहिनीने कपाटाला परवानगी दिली, पण खेळणी तरी हलवलीच. पिकनिकला बिअर पोचली, फेस जरा कमी होता, बाकी मंडळी खूश. एका काकांनी ‘किंगफिशरसारखी नाही लागत’ असा शेरा मारला. दादाने तो कौतुक म्हणून घेतला.

उलटा दगाही असतो

इथे बिअर भविष्यापेक्षा वर थांबली. कधीकधी ती भविष्याच्या खाली घसरते आणि ते जास्त धोक्याचं, कारण तेव्हा आपण आधीच निर्धास्त झालेलो असतो. तयार बिअरमध्ये वासासाठी कोरडे हॉप्स घातले की थांबलेली बिअर पुन्हा हलू लागते. हॉप्सच्या फुलांमध्येच डेक्स्ट्रिन तोडणारे एन्झाइम असतात. ब्राउन आणि मॉरिस या दोन इंग्लिश शास्त्रज्ञांनी हे १८९३ मध्येच लिहून ठेवलं होतं. मग ते विस्मरणात गेलं आणि हॉप्सने भरलेल्या आयपीएची लाट आल्यावर गेल्या दशकात लोकांना पुन्हा सापडलं. त्याला ‘हॉप क्रीप’ म्हणतात. साध्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही. म्हणून हॉप्स घातल्यानंतर पुन्हा काही दिवस थांबून मोजायचं. आधीचा आकडा शिळा झालेला असतो.

मग सॉफ्टवेअर फेकून द्यायचं?

अजिबात नाही. त्याला स्वतःची माहिती द्यायची. दादाने त्या रेसिपीत कंपनीचे ८० टक्के खोडले आणि स्वतःचे ७१ टाकले. ५२ पैकी ३७ पॉइंट खाली आले, तेवढेच होतात. मग त्याने एक शीट सुरू केलं. यीस्ट, मॅशचं तापमान, साखर किंवा क्रिस्टल माल्टचं प्रमाण, टेस्टचा आकडा, खरी एफजी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, थर्मामीटर दर काही महिन्यांनी उकळत्या पाण्यात आणि बर्फात तपासायचा. तीन-चार बॅचेस झाल्या की नवा अंदाज सरासरी पाकिटाचा राहत नाही, तुमच्या गॅरेजचा होतो. आता त्याचं भविष्य एक-दोन पॉइंटांच्या आत येतं. तिसऱ्या दशांशाबद्दल तो भांडत नाही. घरगुती नळीवर तेवढं दिसतही नाही.

मला यात बिअरपेक्षा जास्त काहीतरी दिसतं. आपण सगळेच दुसऱ्यांच्या सरासरीवर जगतो. ‘हे काम दोन आठवड्यांचं आहे’, ‘या पगारात एवढा ईएमआय झेपतो’, ‘तिशीपर्यंत सेटल व्हायचं’. कुठल्यातरी लॅबमधला आकडा, कुणाच्यातरी पाकिटावर छापलेला. आकडा चुकीचा नसतो, तो आपला नसतो. आणि तो जुळला नाही की आपल्याला वाटतं आपणच अडकलोय.

आता तुम्ही लगेच पातेलं काढायच्या आधी एक सूचना. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. छंद वगैरे सबब तिथे चालत नाही. पण २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि त्यानंतर मायक्रोब्रूअरीचं वेड आपल्याकडे चांगलंच पसरलंय. तेव्हा एकवीस पूर्ण असाल तर पुढच्या शुक्रवारी एखाद्या ब्रूअरीत जा आणि ब्रूअरला गाठून विचारा, ‘‘हिची एफजी किती ठरवली होती आणि किती आली?’’

दोन्ही आकडे सांगणारा भेटला, तर त्याची बिअर नक्की प्या.